म्योडलारॉइटची शीव : एका दुभागलेल्या जर्मन खेड्याचा वृत्तान्त

शिवेच्या भांडणाचा कागद हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम त्यांतील खुणा पाहतो. ओढा, वाट, जुनें झाड, रोवलेला धोंडा, अशा खुणांनीं आपल्याकडील महजर व निवाडपत्रें भरलेलीं आहेत. परंतु खूण जागच्या जागीं राहिली आणि तिच्या पाठीशीं असलेली सत्ता बदलली, तर त्या एकाच खुणेचा अर्थ किती पालटतो, हें सलग दाखविणारें उदाहरण एका ठिकाणीं क्वचितच सांपडतें. जर्मनींतील म्योडलारॉइट या खेड्याचा इतिहास असें उदाहरण आहे. या गांवाविषयीं सामान्य समज असा कीं, दुसऱ्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनीं नकाशावर रेघ ओढली व एक अखंड गांव दोन तुकडे झाला. हा समज अर्धाच खरा आहे. रेघ फार जुनी आहे. तिनें गांव तोडला मात्र अलीकडे. या दोन गोष्टींची गल्लत होऊं नये यासाठीं या शिवेचा वृत्तान्त कालानुक्रमानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. स्थळ

बव्हेरिया व थुरिंगिया या दोन घटकराज्यांच्या सीमेवर, होफ शहराच्या वायव्येस, हा गांव वसलेला आहे. लोकवस्ती सुमारें ५०. गांवाच्या मधून टानबाख नांवाचा एक लहानसा ओढा वाहतो. तो मोठ्या माणसास एका उडींत ओलांडतां येईल इतकाच रुंद आहे. ओढ्याच्या एका अंगास असलेलीं घरें बव्हेरियांतील ट्योपेन या ग्रामसंस्थेखालीं येतात, दुसऱ्या अंगाचीं थुरिंगियांतील गेफेल या नगराखालीं. सभोंवतीं शेतें, कुरणें आणि सूचिपर्णी वृक्षांचीं रानें आहेत.

गांवाच्या नांवांतील ‘रॉइट’ हें पद लक्षांत घेण्याजोगें आहे. जंगल तोडून लागवडीस आणलेली जमीन असा त्याचा अर्थ असून बायरॉइट या प्रसिद्ध नगराच्या नांवांतही तेंच पद आहे. मध्ययुगांत या भागांतील अरण्य तोडून वसाहती झाल्या, त्याची साक्ष अशीं ग्रामनामें देतात. या प्रदेशास फोग्टलांट म्हणतात. ‘फोग्ट’ म्हणजे राजाच्या वतीनें मुलखाचा अंमल पाहणारा अधिकारी. वाइडा, गेरा व प्लाउएन येथील फोग्टांचा अंमल येथें होता म्हणून मुलखास हें नांव पडलें. अधिकाराचें पद वंशपरंपरा होऊन पुढें त्याचें राज्य बनावें, हा प्रकार आमच्या वाचकांस नवा नाहीं.

२. दोन धनी

या फोग्टांच्या मुलखाचे पुढें तुकडे पडले. होफ व त्याच्या भोंवतालचा प्रदेश १३७३ सालीं न्यूर्नबर्गच्या होहेनत्सोलर्न घराण्याकडे विक्रीनें गेला. त्याच घराण्याच्या एका शाखेचें राज्य पुढें बायरॉइट येथें नांदलें. उत्तरेकडील मुलूख फोग्टांच्या वंशजांपैकीं रॉइस घराण्याकडे राहिला. म्योडलारॉइट या दोन राज्यांच्या सांध्यावर आल्यामुळें ओढ्याच्या दोन कांठांस दोन धनी झाले.

रॉइस घराण्याच्या कागदांशीं ज्यांचा संबंध येतो त्यांस एक विलक्षण अडचण पडते. या घराण्यांतील प्रत्येक पुरुषाचें नांव हाइनरिख. सम्राट् सहावा हाइनरिख याच्या स्मरणार्थ ही चाल पडली असें सांगतात. राज्य करणाराच नव्हे, तर जन्मास येणारा प्रत्येक मुलगा हाइनरिख, आणि त्याची ओळख केवळ क्रमांकावरून. थोरल्या पातीनें हा क्रम शंभरापर्यंत नेऊन पुन्हा एकापासून आरंभ करावा, तर धाकट्या पातीनें नवें शतक लागतांच पहिल्या मुलापासून नवा क्रम धरावा. त्यामुळें कागदावर ‘हाइनरिख’ व क्रमांक एवढेंच असलें तर पात कोणती व शतक कोणतें हें ठरविल्यावांचून कर्ता निश्चित होत नाहीं. म्योडलारॉइटचा उत्तरेकडील भाग धाकट्या पातीकडे होता.

ओढ्याच्या उत्तरकांठीं असे हाइनरिखामागून हाइनरिख होत असतां दक्षिणकांठीं मात्र वीस वर्षांच्या आंत चार अंमल झाले. बायरॉइटचा शेवटचा मार्गग्राफ कार्ल आलेक्झांडर हा निपुत्रिक होता. त्यानें १७९१ सालीं वर्षासनाच्या बदल्यांत आपलें राज्य प्रशियास देऊन टाकलें व आपण इंग्लंडास जाऊन राहिला. १८०६ सालीं नेपोलियननें प्रशियाचा पराभव केला, आणि १८०७ च्या टिल्झिटच्या तहानें हा मुलूख फ्रेंचांकडे गेला. पुढें १८१० सालीं नेपोलियननें तो दीड कोटि फ्रँक घेऊन बव्हेरियास विकला. ३० जून १८१० रोजीं बव्हेरियाचा अंमल बसला. अशा रीतीनें देणगी, तह व खरेदी या तीनही मार्गांनीं एकाच कांठाचें स्वामित्व फिरलें. शेतें तींच, कुळें तींच, ओढाही तोच.

३. १८१० चे शिवधोंडे

नवा धनी आला म्हणजे शीव नक्की करावी लागते. १८१० सालीं टानबाख ओढ्याच्या कडेनें हद्दीचे दगड रोवण्यांत आले. त्यांवर बव्हेरियाकडील बाजूस ‘का. बे.’ व रॉइसकडील बाजूस ‘एफ. एर.’ अशीं जर्मन आद्याक्षरें कोरलेलीं आहेत. पहिल्या जोडीचा विस्तार ‘क्योनिग्राइख बायर्न’, म्हणजे बव्हेरियाचें राज्य, व दुसरीचा ‘फ्युर्स्टेन्टुम रॉइस’, म्हणजे रॉइसचें संस्थान, असा आहे. यांपैकीं कांहीं दगड आजही जागेवर उभे आहेत.

या अक्षरांवरून काळाचा निर्णय सहज होतो. बव्हेरियास ‘राज्य’ ही पदवी १ जानेवारी १८०६ पासून मिळालेली आहे, तेव्हां दगड त्यापूर्वींचे असूं शकत नाहींत; आणि बव्हेरियाचा येथें अंमल १८१० त आला, तेव्हां त्याही आधींचे ते नव्हेत. उलट पक्षीं १९१८ सालीं राजे व संस्थानिक दोघेही गेले, तेव्हां त्यानंतरचेही नव्हेत. कागद नष्ट झाले असते तरी केवळ चार अक्षरांवरून दगडांचा काळ १८१० व १९१८ यांच्या दरम्यान ठरला असता. शिलालेखाचें काम करणारांस ही पद्धति परिचितच आहे.

४. शंभर वर्षांचा व्यवहार

दगड रोवल्यावर गांव तुटला काय? पुरावा याच्या उलट आहे. गांवची शाळा व गांवचा पथिकाश्रम हीं दोन्हीं थुरिंगियाच्या अंगास होतीं. ओढ्याच्या दोहों बाजूंचीं मुलें तेथें शिकत व दोहों बाजूंचे शेतकरी तेथें संध्याकाळीं बसत. उलट रविवारच्या प्रार्थनेस सर्व गांव बव्हेरियांतील ट्योपेनच्या देवळास जात असे. मुलाची विद्या एका राज्यांत व त्याचा धर्मसंस्कार दुसऱ्यांत, असा हा व्यवहार होता. दोन राजांचा एक गांव असें याचें वर्णन केल्यास तें चुकणार नाहीं. आपल्याकडेही दुअमली गांवें होतीं व वसूल दोन सरकारांत वांटला जात असे. त्यामुळें गांवकी मोडली असें झालें नाहीं.

शिवेची धार उत्तरोत्तर बोथट होत गेली. १ जानेवारी १८३४ पासून जर्मन जकातसंघ अमलांत आला. त्यांत बव्हेरिया व थुरिंगियांतील संस्थानें हीं दोन्हीं सामील असल्यामुळें या ओढ्यावरील जकातीचें प्रयोजनच उरलें नाहीं. १८७१ त दोन्हीं राज्यें एका साम्राज्याचे घटक झालीं. १९१८ त राजसत्ता संपल्यावर रॉइसचें प्रजाराज्य झालें, व १ मे १९२० रोजीं तें व इतर सहा राज्यें मिळून थुरिंगिया हें एक घटकराज्य बनलें. दगडांवरील दोन्हीं नांवें आतां इतिहासजमा झालीं होतीं, पण शीव कायम राहिली. ती आतां दोन प्रांतांच्या दप्तरांपुरती उरली होती.

५. लंडनचें करारपत्र

निरुपद्रवी झालेल्या या रेघेंत पुन्हा प्राण आला तो ओढ्याकांठीं नव्हे, लंडनमध्यें. १२ सप्टेंबर १९४४ रोजीं अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएत संघ यांच्या प्रतिनिधींनीं जर्मनीचे ताब्याचे विभाग ठरविणारें करारपत्र केलें. तें करतांना नव्या मोजणीची तसदी त्यांनीं घेतली नाहीं. जर्मनींतील जुन्या प्रांतांच्या हद्दीच विभागांच्या हद्दी म्हणून धरल्या. पूर्वेकडील विभागाची सीमा सांगतांना थुरिंगियाच्या पश्चिम हद्दीनें येऊन पुढें बव्हेरियाच्या उत्तर हद्दीनें पूर्वेस जावें, अशा अर्थाचें वर्णन त्यांत आहे. म्योडलारॉइटचें नांव त्यांत कोठेंही नाहीं. परंतु ‘बव्हेरियाची उत्तर हद्द’ हे शब्द ज्या क्षणीं लिहिले गेले त्या क्षणीं टानबाख ओढा जगांतील दोन मोठ्या सत्तांच्या मधली रेघ झाला.

प्रांतांच्या जुन्या हद्दींस किती महत्त्व आलें हें जवळच्याच कोबुर्गच्या उदाहरणावरून दिसेल. तेथील प्रजेनें ३० नोव्हेंबर १९१९ रोजीं मत देऊन थुरिंगियांत जाण्याचें नाकारलें व १ जुलै १९२० रोजीं तो मुलूख बव्हेरियांत सामील झाला. त्या वेळीं हा प्रश्न केवळ प्रांतिक सोयीचा होता. पंचवीस वर्षांनीं त्याच मतामुळें कोबुर्ग सोव्हिएत विभागाबाहेर राहिलें.

१९४५ च्या एप्रिलांत अमेरिकन सैन्य प्रथम या भागांत आलें. जुलैमध्यें ठरल्याप्रमाणें त्यानें थुरिंगिया सोव्हिएत सैन्याच्या स्वाधीन केला. म्योडलारॉइटांत सोव्हिएत सैन्यानें कांहीं काळ बव्हेरियाकडील भागही व्यापला होता. १९४६ सालीं तें ओढ्यापलीकडे गेलें. १९४९ त दोन स्वतंत्र जर्मन राज्यें झालीं. तरीही परवाना दाखवून गांवकऱ्यांस या कांठावरून त्या कांठास जातां येत होतें.

६. सन १९५२

गांवाची खरी फाळणी २६ मे १९५२ च्या हुकुमानें झाली. पूर्व जर्मन सरकारनें त्या दिवशीं सीमेलगत तीन पट्टे ठरविले : शिवेलगत १० मीटरांचा नांगरून मोकळा ठेवलेला पट्टा, त्यामागें ५०० मीटरांचा संरक्षित पट्टा व त्यामागें ५ किलोमीटरांचा निर्बंधित प्रदेश. म्योडलारॉइटचा थुरिंगियाकडील सारा भाग ५०० मीटरांच्या आंतच पडला. तेथें राहणारांच्या येण्याजाण्यावर बंधन आलें. बाहेरच्या आप्तेष्टांस परवान्यावांचून गांवांत येतां येईना.

यापाठोपाठ, जूनमध्यें, सीमेवरील ‘अविश्वसनीय’ ठरविलेल्या कुटुंबांस उठवून आंतील भागांत नेण्यांत आलें. साऱ्या सीमेवरून अशीं आठ हजारांहून अधिक माणसें हलविलीं गेलीं, आणि म्योडलारॉइटांतील कुटुंबेंही त्यांतून सुटलीं नाहींत. सरकारी कागदांत या मोहिमेस ‘उंगेत्सीफर’, म्हणजे उपद्रवी कीड, असें नांव आढळतें. कागदाची भाषा हाही पुरावा असतो. पिढ्यान्पिढ्या जमीन कसणाऱ्या कुटुंबांस अमलदारांनीं दिलेलें हें नांव त्या अंमलाविषयीं जें सांगतें तें स्वतंत्र टीकेनें सांगण्याची आवश्यकता नाहीं. १९६१ च्या ऑक्टोबरांत असेंच दुसरें स्थलांतर झालें.

गांवांत याचे परिणाम तात्काळ दिसले. बव्हेरियाकडील मुलांस शाळा तुटली. थुरिंगियाकडील भाविकांस ट्योपेनचें देऊळ तुटलें. ओढ्यालगतची पाणचक्की पुढें पाडून टाकण्यांत आली. प्रथम माणसाहून उंच असें फळ्यांचें कुंपण उभें राहिलें, नंतर कांटेरी तार आली. ओढ्यापलीकडील भावास वा बहिणीस हात हलवून खूण करणें किंवा हांक मारणें हेंही थुरिंगियाच्या बाजूस निषिद्ध ठरलें.

७. भिंत

१९६६ सालीं काँक्रीटची भिंत बांधण्यांत आली. लांबी ७०० मीटर, उंची ३.३० मीटर. रात्रीं तिच्यावर दिव्यांचा झोत असे व पहाऱ्यास मनोरा होता. अमेरिकन सैनिकांनीं गांवास ‘लिटल बर्लिन’, धाकटें बर्लिन, असें नांव दिलें. ५ फेब्रुवारी १९८३ रोजीं अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनीं येथें भेट दिली.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भिंत म्हणजे शीव नव्हे. शीव ओढ्याच्या कडेच्या दगडांनीं दाखविलेली. भिंत तिच्या आंत, थुरिंगियाच्या भूमींत उभारलेली. भिंतीबाहेरची अरुंद जमीनही पूर्व जर्मन राज्याचीच होती. परराज्याचा माणूस आंत येऊं नये हा तिचा हेतु असता तर ती निराळ्या रीतीनें बांधली गेली असती. आपला माणूस बाहेर जाऊं नये हा तिचा हेतु होता, आणि पहाऱ्याचें तोंडही त्यास अनुसरून गांवाकडे होतें. ती ओलांडून जाण्याचा एकच प्रयत्न या गांवीं सफल झाल्याचें नमूद आहे. १९७३ च्या मे महिन्यांत एक मनुष्य मोटार भिंतीशीं आणून शिडीच्या साहाय्यानें पलीकडे गेला. १८१० च्या दगडास कोणी शिडी लावली नव्हती. त्याची कधीं आवश्यकता पडली नाहीं.

८. जुन्या कागदांचा उपयोग

आमच्या वाचकांस विशेष रुचेल असा एक प्रकार येथें सांगतों. १९७२ त दोन जर्मन राज्यांत मूलभूत करार झाला, व १९७३ पासून दोघांच्या संयुक्त सीमा-आयोगानें सबंध सीमेची पाहणी आरंभिली. लंडनच्या करारपत्रानें जुन्या प्रांतिक हद्दी उचलल्या असल्यामुळें त्या हद्दी नेमक्या कोठून जातात हें पाहण्यास जुने नकाशे, मोजणीचीं दप्तरें व शिवेचे दगड हाच आधार होता. लहान लहान संस्थानांच्या कारकुनांनीं लिहिलेले कागद, ज्यांस कोणी विचारीत नव्हतें, ते दोन राज्यांच्या वाटाघाटींत एकाएकीं प्रमाण होऊन बसले. हें काम बहुतांशीं पुरें होऊन २९ नोव्हेंबर १९७८ रोजीं त्याचें निर्णयपत्र झालें. एल्ब नदीच्या कांहीं भागाचा वाद तेवढा मिटला नाहीं.

अशा कागदांवर काय अवलंबून असूं शकतें याचें उदाहरण हेसन व थुरिंगिया यांच्या हद्दीवरील फिलिप्सताल येथें मिळतें. तेथें एका छापखान्याच्या घरांतूनच शीव जात होती. १९५१ च्या वर्षअखेरच्या रात्रीं घरच्या मंडळींनीं पूर्वेकडील खोल्यांकडे जाणारें दार आपल्या हातानें विटांनीं बुजवून टाकलें. तो भाग त्यांस १९७६ त परत मिळाला.

९. अखेर व अवशेष

९ नोव्हेंबर १९८९ रोजीं बर्लिनची भिंत उघडली. म्योडलारॉइटांत पादचाऱ्यांकरितां वाट उघडण्यास आणखी एक महिना लागला. ती ९ डिसेंबर १९८९ रोजीं उघडली. १७ जून १९९० रोजीं यंत्र लावून भिंत पाडण्यांत आली. ३ ऑक्टोबर १९९० रोजीं दोन्हीं जर्मन राज्यें एक झालीं.

भिंत सबंध पाडली गेली नाहीं, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या वस्तूनें दुःख दिलें ती नाहींशी करावी अशी इच्छा मनुष्यास स्वाभाविक असते, आणि त्या वेळीं ती प्रबळही होती. तरी सुमारें १०० मीटरांचा भाग राखण्यांत आला. सप्टेंबर १९९० मध्यें संग्रहालयाकरितां मंडळ स्थापन झालें, व पुढें येथें सीमेचा इतिहास सांगणारें संग्रहालय उभें राहिलें. त्यांत कांहीं बांधकाम मूळचें आहे व कांहीं नमुन्याप्रमाणें पुन्हा उभें केलेलें आहे. अभ्यासकानें हा भेद पदोपदीं ध्यानीं ठेवावा. नकलेवरून आकार समजतो, पण साक्ष अस्सलच देतो. आमच्या मतें भिंतीचा तुकडा राखणारांनीं योग्य केलें. छळाचा पुरावा नष्ट झाला तर पीडितांचें म्हणणें केवळ त्यांच्या शब्दावर राहतें, आणि ते शब्द बोलणारीं माणसें काळानें जातातच.

१०. निष्कर्ष

शीव आजही आहे. म्योडलारॉइट आजही दोन घटकराज्यांत, दोन जिल्ह्यांत व दोन ग्रामसंस्थांत विभागलेला आहे. टपालाचा अंक निराळा, दूरध्वनीचा अंक निराळा, मोटारींवरील अक्षरें निराळीं. दक्षिणकांठीं भेटल्यावर बव्हेरियाच्या रीतीप्रमाणें ‘ग्र्युस गॉट’ म्हणतात, उत्तरकांठीं ‘गुटेन टाग’. एकीकरणानें या रेघेस हात लावला नाहीं, आणि लावण्याचें कारणही नव्हतें. ओढा ओलांडणारास आतां कोणी हटकीत नाहीं.

येणेंप्रमाणें एकाच ओढ्याच्या शिवेचीं चार रूपें आम्हीं पाहिलीं : दोन राज्यांची हद्द, दोन प्रांतांची दप्तरी हद्द, दोन शत्रु सत्तांमधील भिंत, व पुनः दप्तरी हद्द. जागा हातभरही हललेली नाहीं. तेव्हां ‘गांव दुभागला केव्हां’ या प्रश्नास ‘१८१०’ हें उत्तर जसें चुकीचें, तसेंच ‘१९४५’ हेंही अपुरें. गांव दुभागला २६ मे १९५२ च्या हुकुमानें, आणि एक झाला ९ डिसेंबर १९८९ रोजीं. मधल्या साडेसदतीस वर्षांचा दोष शिवधोंड्यांवर टाकतां येत नाहीं. भिंतीचें खापर जुन्या हद्दीवर फोडणें म्हणजे हुकूम काढणारास मोकळें सोडणें होय. आपल्याकडील शिवांचा व फाळण्यांचा इतिहास लिहितांनाही रेघ कोणी आंखली आणि ती धारदार कोणी केली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवून दोहोंचे कागद वेगळे शोधावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.